बोनारचा पिवळा

प्रश्न असा आहे: "पिएर बोनारची चित्रं पाहिली. सुंदर आहेत, पण त्यापुढे काय? जेवणाचं टेबल, खिडकी, मांजर, टबात अंघोळ करणारी बायको. दोन महायुद्धं होऊन गेली आणि हा माणूस घरातच. पिकासो तर त्याला चित्रकार मानायलाच तयार नव्हता म्हणे. मग त्याला मोठा का म्हणायचं? आणि मॉडेल घरात असताना तो आठवणीतून का रंगवायचा?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचं उत्तर वाटेत सापडेल.

आधी एक कबुली. मीही बोनारकडे उशिराच वळलो. कॉलेजात आमच्या डोक्यात सेझान आणि पिकासो भरलेले. बोनार म्हणजे दिवाणखान्यात लावायचं काहीतरी गोड, असं मीही बिनदिक्कत बोलत असे. पुढे लंडनला टेट गॅलरीत त्याच्या 'दुधाची वाटी' या चित्रापुढे उभा राहिलो. १९१९च्या आसपासचं चित्र. खिडकीपाशी टेबल, बाहेरून येणारा उजेड, हातात वाटी घेतलेली तरुणी. बराच वेळ पाहिल्यावर खालच्या काळोखात दुधाची वाट बघणारं मांजर दिसलं. एवढा वेळ ते तिथेच होतं. माझ्या डोळ्याला मात्र त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि तो तसा लागावा ही चित्रकाराने केलेली व्यवस्था होती, हे कळल्यावर माझा गोडपणाचा आरोप जरा ढिला पडला.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. 'बसथांब्यावरील दृश्य', 'भाजीबाजार'. आपण काय करायचो? दोन पाठमोरी माणसं, एक पिशवीवाली बाई, मागे झाड, झाडामागे इमारत. घरी घोकून नेलेलं. त्यात स्मरण कुठेच नसायचं, होतं ते पाठांतर. बोनारचं स्मरणचित्र याच्या बरोबर उलट्या टोकाचं. खोलीत अचानक पाऊल टाकल्यावर पहिल्या क्षणी, एकदम जे दिसतं ते दाखवायचं, असं त्याने स्वतःच्या कामाबद्दल म्हटलं होतं. आता करून बघा. दार उघडून आत गेल्यावर पहिल्या क्षणी तुम्हाला खुर्ची, टेबल, बशी असं सुटंसुटं दिसत नाही. एक पिवळा झोत दिसतो, काहीतरी पांढरं चमकतं, कोपऱ्यात कुणीतरी असल्याची नुसती चाहूल लागते. मग मेंदू वस्तूंना नावं द्यायला लागतो आणि तो क्षण संपतो. मॉडेलसमोर तीन तास बसलं की आपण हा दुसरा भाग रंगवतो. बोनारला पहिला हवा होता.

समोरची वस्तू त्याला अडचणच वाटे. गुलाबांचा गुच्छ समोर ठेवून थेट रंगवायला बसलो, तपशिलात वाहवत गेलो आणि मूळ कल्पना हातची गेली, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं आहे. निसर्गासमोर बसून स्वतःला सांभाळता येणारे फार थोडे आणि त्यांच्याकडे बचावाची आपापली हत्यारं असतात, असं त्याचं म्हणणं. मोने जागेवर बसून रंगवायचा खरा, पण दहा मिनिटंच, हे उदाहरणही त्याचंच. वस्तू आपल्यावर कुरघोडी करायच्या आत पळ काढायचा.

आता त्याचं आयुष्य. जन्म ३ ऑक्टोबर १८६७, पॅरिसजवळच्या फाँतने-ओ-रोझ गावी. वडील युद्धमंत्रालयात अधिकारी. मुलाने वकील व्हावं ही त्यांची इच्छा, आणि मुलगा खरोखरच कायद्याचा पदवीधर झाला, वकिलीची शपथही घेतली. (हे कायद्याचं शिक्षण पुढे एका विचित्र वळणावर परत भेटणार आहे.) त्याच काळात अकादमी ज्युलियाँ या कलाशाळेत त्याला मोरिस दनी, पॉल सेरुझिए ही मित्रमंडळी भेटली, एदुआर व्ह्युइयारही लवकरच येऊन मिळाला. सेरुझिए १८८८ साली ब्रिटनीहून एक छोटीशी लाकडी फळी घेऊन आला. चित्रकार गोगँच्या सांगण्यावरून तिच्यावर त्याने निसर्गदृश्य रंगवलं होतं: झाड पिवळं दिसतंय ना, मग लाव तुझ्याकडचा सगळ्यात झगझगीत पिवळा. या पोरांनी त्या फळीला 'तावीज' नाव दिलं आणि स्वतःच्या टोळीला 'नाबी'. हिब्रूतला प्रेषित. आपल्याला उर्दूमुळे माहीत असलेला 'नबी' तो हाच.

या प्रेषितांत बोनारला टोपणनाव मिळालं 'फार जपानी नाबी'. १८९० साली पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. पण त्याआधीच चारदोन पैशांत मिळणारे चुरगळलेल्या कागदावरचे भडक जपानी छाप आणून त्याने खोलीच्या भिंती भरून टाकल्या होत्या. त्यातून त्याने उचललेली गोष्ट साधी होती आणि जन्मभर पुरली. छायाप्रकाश घालून गोलाई न दाखवताही आकार जिवंत राहतो, आणि चौकड्याचं कापड अंगाच्या घड्यांप्रमाणे न वळवता सपाट ठेवलं तरी डोळा तक्रार करत नाही.

पहिली कमाई जाहिरातीची. 'फ्रान्स-शँपेन'चं पोस्टर, मानधन १०० फ्रँक. फेस सांडणारा प्याला हातात घेतलेली हसरी बाई. ते १८९१ साली पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि चित्रकार तुलूझ-लोत्रेक 'हे कुणी केलं' म्हणून शोध घेत त्याच्यापर्यंत आला. लोत्रेकचं प्रसिद्ध मुलाँ रूजचं पोस्टर त्याच वर्षातलं. पोरगा चित्रांवर पैसे मिळवतो म्हटल्यावर बोनारचे वडीलही खूश झाले आणि वकिली मागे पडली. पुढची दहा वर्षं लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं), पुस्तकांतली चित्रं, पडदे, नाटकाचं नेपथ्य असं हाताला येईल ते त्याने केलं. पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १८९६ साली द्युराँ-र्युएल या चित्रविक्रेत्याकडे. या काळातलं 'पांढरं मांजर' (१८९४) नक्की बघा. पाठीची कमान करून उभं असलेलं, पाय अशक्य लांब, चेहऱ्यावर एखाद्या तृप्त भटजीबुवांचं समाधान. बोनारची विनोदबुद्धी लोक विसरतात.

आता तुमचा आक्षेप जिथे खरा लागतो ती जागा. १९०५ला भडक, मोकाट रंग लावणारी फोव्ह मंडळी आली, पाठोपाठ वस्तूंचे भौमितिक तुकडे करणारा क्युबिझम. वयाच्या चाळिशीत बोनार एका झटक्यात 'मागच्या पिढीतला' झाला. आपण आपल्या मुक्कामाला पोचायच्या आतच जग पुढे निघून गेलं आणि आम्ही अधांतरी लटकलो, अशा अर्थाचं त्याने पुढे स्वतः म्हटलं आहे. अशा वेळी माणसं दोन गोष्टी करतात: नव्या गाडीत उडी मारतात, नाहीतर फलाटावर उभं राहून शिव्या देतात. बोनारने तिसरीच केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याला जाणवलं की रंग आपल्याला ओढत नेतोय आणि आकाराचा बळी जातोय. तो पुन्हा रेखाटनाकडे गेला. प्रस्थापित चित्रकार, वय पंचेचाळिशीच्या पुढे, प्रदर्शनं होताहेत, चित्रं विकली जाताहेत, आणि हा माणूस नवशिक्यासारखा शिसपेन्सिल घेऊन बसला. मी तीस वर्षं शिकवतोय. चाळिशीनंतर स्वतःच्या यशस्वी पद्धतीवर संशय घेणारे चित्रकार मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

आणि युद्ध त्याला दिसलंच नाही असं नाही. १९१७ साली काही चित्रकारांना आघाडीवर नेलं गेलं, त्यात तो होता. आँ या गावाजवळच्या उद्ध्वस्त खेड्याचं त्याचं एक चित्र आहे. ते बघितलं की कळतं, ही त्याची भाषा नव्हती आणि ते त्यालाही कळलं होतं. मला त्यात पळपुटेपणा दिसत नाही. तुम्हाला दिसला तर माझी हरकत नाही.

मार्त त्याला १८९३ साली पॅरिसमध्ये भेटली. तिने नाव सांगितलं मार्त द मेलिन्यी, वय सोळा. खरं नाव मारिया बूर्सँ, वय चोवीस. खरं नाव त्याला लग्नाच्या वेळी कळलं असं सांगतात, आणि लग्न झालं ऑगस्ट १९२५मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. मधल्या काळात रने मोंशाती नावाची तरुण मैत्रीण त्याच्या आयुष्यात आली होती. लग्नानंतर महिन्याभरात रनेने जीव दिला. 'बागेतल्या तरुणी' हे १९२१-२३मध्ये सुरू केलेलं चित्र त्याने बाजूला ठेवलं ते वीसेक वर्षांनी, १९४५-४६मध्ये पुन्हा हातात घेतलं. सोनेरी उजेडात मधोमध हसणारी रने, आणि अगदी कडेला, चौकटीने अर्धी कापलेली मार्त. त्या चित्राची सगळी पार्श्वभूमी त्याने म्हातारपणी पिवळी करून टाकली. त्याच्या चित्रांत 'नुसती घरगुती शांतता' आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या चित्रासमोर थोडं थांबावं.

मार्तची प्रकृती नाजूक, स्वभाव माणूसघाणा, आणि तासन् तास पाण्यात बसायची सवय. तिच्यासाठीच तो शहरापासून दूर राहत गेला. १९१२ साली व्हेर्नोनेला छोटं घर घेतलं, मोनेच्या झिव्हेर्नीपासून जवळच. १९२६ साली भूमध्य समुद्राच्या बाजूला, कान शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या ल कॅने गावात 'ल बॉस्के' हा साधासा बंगला. दक्षिणेचा उजेड त्याने १९०९मध्ये साँ-त्रोपेला प्रथम मनसोक्त पाहिला होता आणि आईला लिहिलं होतं की इथली प्रतिबिंबंसुद्धा उजेडाइतकीच रंगीत आहेत. (आपले सय्यद हैदर रझा जे. जे.मधून निघून १९५०मध्ये फ्रान्सला गेले आणि पुढे ल कॅनेच्याच जिल्ह्यातल्या गोर्बिओ गावात रमले. त्या उजेडात काहीतरी असणार.)

ल कॅनेच्या घरात त्याने टब बसवून घेतला. फोटोत पाहिली तर ती न्हाणी अगदीच साधी, लहान आहे. चित्रात तिच्या फरशा जांभळ्या, नारिंगी, मोरपंखी होऊन लकाकतात आणि भिंत वितळून पडद्यासारखी हलते. त्या टबात पडलेली मार्त कायम तरुण. ती साठीची झाली, सत्तरीची झाली, चित्रात तिशीची. इथे आठवण शब्दशः काम करतेय: तो जे बघत होता ते पुढच्या खोलीतल्या बाईत नव्हतं.

कामाची पद्धत तुम्ही स्वतः रंगवत असाल तर नीट वाचा. ईझल नाही. स्ट्रेचरवर ताणलेला कॅनव्हास नाही. कापडाचा मोठा तुकडा थेट भिंतीला खिळ्यांनी ठोकायचा, गरजेपेक्षा मोठा, कारण चित्राची कड कुठे येणार हे त्याला आधी ठरवायचं नसे. शेजारी तीनचार चित्रं एकाच वेळी चालू, एकासाठी कालवलेला रंग दुसऱ्यावरही लागायचा. प्रवासाला निघताना सगळं काढून गुंडाळायचं, मोटारीत टाकायचं आणि हॉटेलच्या भिंतीवर परत ठोकायचं. ल कॅनेच्या भिंतीवर मिठाईचे चंदेरी-रंगीत कागद टोचलेले असायचे. चमक कशी असते ते विसरू नये म्हणून.

आणि खिशात छोटी डायरी. १९२७ ते १९४६ या वर्षांच्या डायऱ्या उपलब्ध आहेत. रोज हवामानाचा एखादा शब्द: स्वच्छ, ढगाळ, पावसाळी. बाजूला बोटभर उंचीचं पेन्सिलचं रेखाटन. अधूनमधून टिपण. १९२७च्या एका थंड, निरभ्र दिवसाचं टिपण असं की करड्या रंगांत जांभळा आहे आणि नारिंगी सावल्यांत शेंदरी. घोटाळा होतो तो इथे. 'आठवणीतून रंगवायचा' म्हणजे मनाने रंगवायचा असं लोक समजतात. तो निरीक्षण रोज करत होता, फक्त निरीक्षणाची जागा आणि रंगवण्याची जागा त्याने वेगळी ठेवली होती. रेखाटन म्हणजे संवेदना आणि रंग म्हणजे विचार, हे त्याचंच वाक्य. आपल्याकडे बरोबर उलटं शिकवतात, म्हणून ते दोनदा वाचावं.

त्याचं रंगांचं गुपित मोबाइलवरही उघडता येतं. त्याच्या टबातल्या किंवा टेबलाच्या एखाद्या चित्राचा फोटो घ्या आणि कृष्णधवल करा. बऱ्याच वेळा आकृती नाहीशीच होते, बाई आणि भिंत एका राखाडीत मिसळतात. कारण दोन्हींचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, त्याने जवळजवळ सारखा ठेवलेला असतो आणि फरक ठेवतो तो फक्त रंगाचा, उष्ण आणि शीत. आपला डोळा कड शोधतो ती टोनच्या फरकावरून. तो फरक काढून घेतला की वस्तू लगेच पकडीत येत नाही, थरथरत राहते, सावकाश वर येते. माझं मांजर असंच दडलं होतं. वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करतो. मुलं आधी हसतात, मग स्वतःच्या चित्रांचे फोटो कृष्णधवल करायला लागतात आणि वर्ग शांत होतो.

पिकासोचं म्हणणंही ऐकून घ्या, तो काही मूर्ख नव्हता. त्याचा मुद्दा असा: बोनार आकाश आधी निळं रंगवतो, मग त्यात जांभळट दिसतं म्हणून तेही घालतो, मग गुलाबी दिसतो, तोही घालतो. हा निवड करतच नाही. ही अनिर्णयाची खिचडी आहे, ही चित्रकला नव्हे. गंमत म्हणजे वर्णन अचूक आहे. बोनारची काही चित्रं खरोखर अति शिजलेली आहेत, रंगांचा लगदा झालेली. श्रीमंतांच्या घरांसाठी केलेले त्याचे मोठे सजावटीचे पट मला आजही कंटाळवाणे वाटतात. पण पिकासोला आकाशावर हुकूम चालवायचा होता. बोनार त्या आकाशाची दहा वर्षं वाट बघायला तयार होता.

चित्र पूर्ण झालं असं त्याला कधी वाटतच नसे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात लागलेल्या स्वतःच्याच चित्रापुढे तो खिशात रंग घेऊन गेला, व्ह्युइयारने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं आणि याने एक पान दुरुस्त केलं, हा किस्सा चित्रकारांत अजून सांगितला जातो.

दुसरं महायुद्ध त्याने ल कॅनेत काढलं. कोळसा नाही, पेट्रोल नाही, खायचे वांधे. व्ह्युइयार १९४०मध्ये गेला. २६ जानेवारी १९४२ रोजी मार्त गेली, डायरीत त्या दिवशी एक छोटा क्रूस आहे. टबातली मार्त आणि जवळ तिचा कुत्रा, हे चित्र त्याने १९४१मध्ये सुरू केलं होतं. ती गेल्यावरही चार वर्षं, १९४६पर्यंत, तो ते रंगवत राहिला. अंग पाण्यात विरघळलंय, टब वाकडा फुगलाय, फरशा रत्नांसारख्या पेटल्यात आणि कुत्रा मात्र आपल्या चटईवर निवांत बसलाय. आज ते पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. आयुष्यभर जी पद्धत त्याने निवड म्हणून वापरली ती आता सक्तीची झाली होती. याच काळात न्हाणीच्या आरशात पाहून केलेली व्यक्तिचित्रं काढून बघा. टक्कल, खोल गेलेले डोळे. गोडपणाचा शब्दही तोंडातून निघणार नाही.

आता कायद्याचं शिक्षण. फ्रेंच कायद्याने नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेत मार्तच्या वारसांचा हिस्सा होता, म्हणजे स्टुडिओतल्या चित्रांची मोजदाद आणि सील आलंच. ते टळावं म्हणून या पदवीधर वकिलाने बायकोच्या नावाने खोटं मृत्युपत्र स्वतःच लिहिलं, सगळं आपल्या नावावर करून. तो गेल्यावर ते उघडकीला आलं, मार्तच्या भाच्या पुढे आल्या आणि शेकडो चित्रं वर्षानुवर्षं कुलपात अडकली. कोर्टापुढचा प्रश्न असा की चित्रकाराने 'झालं' म्हणून बाहेर न काढलेलं चित्र मालमत्ता धरायचं का. हा प्रश्न बोनारच्याच चित्रांवरून उभा राहावा, यापेक्षा नेमकं काही मला सुचत नाही. फ्रेंच कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून अभ्यासतात.

तो गेला २३ जानेवारी १९४७ला. त्याच वर्षी 'काइये दार' या वजनदार नियतकालिकात क्रिस्तियाँ झेर्व्होसने तुमचाच प्रश्न विचारला: बोनार मोठा चित्रकार आहे का? उत्तर नकारार्थी होतं. अंथरुणाला खिळलेला मातिस इतका भडकला की जानेवारी १९४८मध्ये त्याने आपल्या हाताने लिहून दिलं: होय, बोनार आजचा मोठा चित्रकार आहे आणि उद्याचाही नक्कीच राहील, हे मी प्रमाणित करतो. खाली सही. दाखला दिल्यासारखा.

तुम्हाला काही करून बघायचं असेल तर आज रात्री स्वयंपाकघराच्या दारात एक मिनिट उभे राहा. आत जाऊ नका, फोटो काढू नका. खिशातल्या कागदावर चार रेघा आणि रंगांचे दोनतीन शब्द लिहा. चित्र पुढच्या आठवड्यात सुरू करा.

त्याचं शेवटचं चित्र 'फुललेलं बदामाचं झाड'. ल कॅनेला खोलीच्या खिडकीतून दिसणारं झाड, निळ्या आकाशावर पांढऱ्या फुलांचा नुसता स्फोट. शेवटच्या दिवसांत हात थरथरत होता, कुंचला धरवत नव्हता. भाचा शार्ल तेरासला त्याने जवळ बोलावलं: खाली डावीकडे जमिनीच्या तुकड्यावरचा तो हिरवा चुकलाय, तिथे पिवळा हवा. भाच्याने हात धरून मदत केली आणि तो पिवळा लागला. चित्राचा बरा फोटो मिळाला तर झाडाकडे नंतर बघा, आधी तो कोपरा बघा.